निरोगी रक्तातला काळा पट्टा

मृत्यू माणसाला सांगून येत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. कृष्णकांत गाडग्यांना तो एक्स-रेच्या फिल्मवर लेखी कळला.

अठ्ठ्याऐंशी सालचा मे महिना. नागपुरातल्या एका कॉलेजात कृष्णकांत जीवरसायनशास्त्र शिकवत. दोनच वर्षांपूर्वी सापडलेल्या एका प्रथिनानं त्यांच्या डोक्यात ठाण मांडलं होतं. पांढऱ्या पेशीत ते केंद्रकाबाहेर बेड्या घालून पडलेलं असतं. जंतूची चाहूल लागली की बेड्या तुटतात, ते आत शिरतं आणि सूज-ताप आणणारी जनुकं जागी करतं. प्रथिन आत असलं की फिल्मवर काळा पट्टा उमटतो. आजाऱ्यांच्या रक्ताशी ताडून पाहायला निरोगी रक्त हवं, म्हणून कृष्णकांतांनी स्वतःचं काढलं. दुसरं कोणी तितकं भरवशाचं वाटलं नाही.

पट्टा आला. काळाकुट्ट.

पुन्हा केलं, पुन्हा आला. ताप नाही, सूज नाही, भूक उत्तम. म्हणजे आग आतल्या आत लागलेली. ते कूलरसमोर बसून बोटांची पेरं दाबून बघू लागले. हिमोग्लोबिनच्या नावाखाली बायकोचं, प्रेमिलाबाईंचं, रक्त घेतलं. त्यातही तेच. कृष्णकांतांनी घरात आपला पेला वेगळा केला.

पेल्यावरून प्रेमिलाबाईंनी सगळं वदवून घेतलं आणि फिल्म उजेडात धरली.

"मले काई झालं नाही जी. तुमच्या या फिल्मलेच ताप आला असन."

शेवटी कृष्णकांतांनी लॅबचे म्हातारे शिपाई धोंडबा यांच्या दंडाला पट्टी बांधली. रक्त दिल्यावर धोंडबांना घेरी आली, म्हणून एरवी तेच आणत ते प्रयोगाचं डिस्टिल्ड वॉटर आणायला कृष्णकांत पहिल्यांदाच स्वतः उठले. काचेची बाटली रिकामी होती. पाणी कुठं गेलं, त्यांनी विचारलं.

"माठात हाय साहेब," बाकावर आडवे झालेले धोंडबा म्हणाले. "बाटलीतलं नुसतं तापून राहिलं होतं. महिना झाला, तुमच्यासाठी माठात भरून ठेवून राहिलो."

कृष्णकांतांनी माठात बोट फिरवलं. बुळबुळीत लागलं. याच पाण्याच्या द्रावणात रक्तातल्या पेशी धुतल्या जात. प्रयोगाआधी पाणी उकळलं जाई, त्यात जंतू मरत. पण त्यांची सालं पाण्यातच राहत, आणि पांढरी पेशी मेलेल्या जंतूच्या सालालाही तितकीच भिते.

बाटलीत नव्यानं भरलेल्या पाण्यावर पुढची फिल्म कोरी आली. कृष्णकांतांच्या इच्छापत्राची नोंदणी आदल्या दिवशीच झाली होती.