केकवरची कण्हेर

घराचं आणि बागेचं सामान विकणारं ते दुकान चांगलं ऐसपैस होतं. त्यात रंगाचे डबे आणि कुंड्या यांच्या मधोमध एक टेबल होतं, आणि त्या टेबलामागे बसणाऱ्या बाईंना सगळे सल्लाताई म्हणत. फुकट सल्ला देणं हेच त्यांचं काम. लोक दुकानाच्या फोनवर प्रश्न पाठवत, सोबत फोटो जोडत, आणि ताई उत्तर देत. भिंतीला ओल आलीय, काय करू? हिरवळीत हे काय उगवलंय, उपटू की राहू दे? पडदे निळे घेऊ की राखाडी? एका गृहस्थांनी तर ‘बायकोला कुठला सोफा आवडेल’ असं विचारलं होतं. आता हे ताईंना कसं माहीत असणार! पण दिलं बिचारीने त्यालाही उत्तर.

प्रश्न फिरून फिरून तेच यायचे, म्हणून ताईंनी फोनमध्ये उत्तरं तयारच करून ठेवली होती. ओलीचं एक, मुंग्यांचं एक, तणाचं एक. प्रश्नाची पहिली ओळ वाचायची, पहिला फोटो बघायचा, बोट दाबायचं, झालं काम. मालक खूश, गिऱ्हाईक खूश, आणि खरं सांगायचं तर ताईसुद्धा स्वतःवर बऱ्यापैकी खूश होत्या.

त्या दिवशी दुपारी फोन गच्च भरला. नवे फोटो उतरेनात, म्हणून ताई जुने पुसायला बसल्या. सकाळचा एक गुलाबाचा फोटो आला. त्याला ‘फवारणी न केलेली घरची फुलं सजावटीला खुशाल वापरा, छान दिसतील’ हे तयार उत्तर गेलेलं होतं. त्या पुसणार, तोच गुलाबाच्या मागे आणखी एक फोटो निघाला. गुलाबी फुलांचे घोस आणि लांब, अरुंद, जाड पानं. कण्हेर! ताईंनी प्रश्न पुन्हा उघडला आणि या वेळी शेवटपर्यंत वाचला. ‘ताई, फुलांची सजावट करायची आहे. आज नातीचा वाढदिवस. केक मी घरीच केलाय. ही दोन्ही फुलं केकवर खोचली तर चालतील ना?’

कण्हेर पानापासून मुळापर्यंत विषारी, थेट काळजावर घाला घालणारी. हे त्यांना काल कळलं होतं असं थोडंच आहे? अहो, कण्हेरीचं रोप विकत नेणाऱ्या प्रत्येकाला ‘लहान मुलांपासून लांब ठेवा हं’ असं त्याच बजावून सांगायच्या. आणि आज लहान मुलांच्या केकवर ती खुशाल खोचा म्हणून त्यांनीच कळवलं होतं.

त्यांनी फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा तेच. निरोप पाठवला, ‘कण्हेर काढून टाका, केक कुणालाही देऊ नका.’ तो कोणी वाचला नाही. वाचणार तरी कोण? घरात पोरं जमली असतील, फोन कुठल्या तरी उशीखाली पडला असेल. घाईघाईत एकदा त्यांनी भलत्यालाच फोन लावला, आणि पलीकडून कोणीतरी मुंग्यांच्या औषधाचं विचारायला लागलं.

“काका!” त्या ओरडल्या. रंगाच्या विभागातले पेंटरकाका डबा तसाच ठेवून धावत आले. ताईंनी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. “हे कोण? याच माणसाने मागे ओलीचा फोटो पाठवला होता, हा बघा. पत्ता काही नाही हो!”

काकांनी चष्मा वर केला, खाली केला. ताईंचा जीव टांगणीला आणि यांचं आपलं निवांत चाललेलं. “ही भिंत मी बघितलीय,” ते शेवटी म्हणाले. “या खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. आजोबा आहेत एक. रंग जुळवायला गेलो होतो मी. चहा फार गोड करतात.”

“चहा राहू दे! चला!”

काकांची स्कूटर म्हणजे आनंदच होता. चढ आला की ती धापा टाकायची. ताई मागे बसून पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या आणि मनात नको नको ते येत होतं. मेणबत्त्या विझल्या असतील. केक कापला असेल. पहिला घास नातीला, दुसरा शेजारच्या पोराला. एवढीशी काळजं ती! देवा, माझं काय वाट्टेल ते कर, पण पोरांना काही होऊ देऊ नको, असं त्या चक्क मोठ्याने बोलून गेल्या. काकांनी गाडी आणखी पिळली.

फाटकावर फुगे बांधले होते. आतून पोरांचा कल्ला ऐकू येत होता, आणि तो कल्ला ऐकून ताईंना रडूच फुटायचं बाकी राहिलं. त्यांनी दार वाजवलं नाही, तशाच आत घुसल्या. टेबलाभोवती पोरं टोप्या घालून बसली होती, समोर रिकाम्या बश्या, आणि मधोमध पांढराशुभ्र केक. त्यावर गुलाब, आणि गुलाबांच्या मधून देठासकट खोचलेले कण्हेरीचे घोस. केकच्या एका बाजूचा तुकडा कापलेला होता.

“कोणी खाल्लं?” ताई किंचाळल्या. “कोणी खाल्लं ते सांगा!”

“आजोबांनी!” टोपीवाली नात फुरंगटून म्हणाली. “आम्हाला देतच नाहीत. कधीपासून नुसतं थांबा थांबा!”

आजोबा कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. कपाळावर घाम, चेहरा पांढरा, एक हात पोटावर. ताईंनी आधी केक उचलून पोरांच्या हातापासून दूर, कपाटावर ठेवला. मग त्या आजोबांच्या पुढ्यात खालीच बसल्या.

“मी दुकानातली सल्लाताई. चुकले हो मी. ती कण्हेर आहे, विषारी असते. मी तुमचा दुसरा फोटो बघितलाच नाही. तुम्ही फूल खाल्लंत का?”

“एक पाकळी,” आजोबा म्हणाले. “आणि त्या देठाजवळचा केक. पाकळी कडू लागली. मग मळमळायला लागलं.”

पुढचं सगळं घाईचं झालं. काकांनी शेजारणीला हाक मारली, ती पोरांजवळ थांबली. रिक्षा मिळाली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एकही प्रश्न वाया न घालवता आजोबांना आत नेलं, छातीला तारा लावल्या आणि पडदा ओढून घेतला. बाहेरच्या बाकावर ताई बसल्या. काका शेजारी बसून राहिले, तेवढाच काय तो आधार होता. पडद्याआड ओकारीचा आवाज आला की ताई उठून पडद्यापर्यंत जायच्या आणि परत येऊन बसायच्या. फोन मात्र वाजत होता. कोणीतरी तणाचा फोटो पाठवला होता. ताईंनी तो उघडलाच नाही.

बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “ठोके नीट आहेत. फार गेलं नाही पोटात. पण आजची रात्र इथेच ठेवू, नजरेखाली. हेच त्या पोरांनी खाल्लं असतं तर मात्र…”

ताई आत गेल्या. आजोबा उशीला टेकून पडले होते. ताईंनी हात जोडले. पण आजोबाच आधी बोलले.

“ताई, एक सांगायचंय. मला त्या झुडपाची जराशी शंका होती. शेळीसुद्धा तोंड लावत नाही त्याला. पण तुम्ही म्हणालात खुशाल वापरा. एवढ्या जाणत्या बाईचं म्हणणं खोटं कसं धरायचं? म्हणून खोचली. आणि मग पोरांना द्यायला हात होईना. म्हटलं, आधी आपण खाऊन बघू.”

मग फार संकोचून, एखाद्याने घरातला पसारा पाहुण्यापासून लपवावा तसं, नजर चुकवत म्हणाले, “राग मानू नका हं. तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही.”