तुमचं उपकरण अद्ययावत आहे

आई जाऊन पाच आठवडे झाले होते. त्या सकाळी धाकटीने आईचा टॅबलेट उघडला, तर कानाच्या ॲपवर एक पांढरी चौकट येऊन बसलेली. ‘ही आवृत्ती आता चालणार नाही. कृपया ॲप अपडेट करा.’ खाली एकच बटण. नको म्हणायची सोयच नाही.

तिने बटण दाबलं. टॅबलेटने जरा वेळ घेतला आणि सांगितलं की नवीन आवृत्ती या उपकरणावर चालत नाही, आधी उपकरण अपडेट करा. ती सेटिंगमध्ये गेली. तिथे तोच टॅबलेट मोठ्या समाधानाने म्हणाला, ‘तुमचं उपकरण अद्ययावत आहे.’

“अद्ययावत म्हणे,” धाकटी पुटपुटली. “नऊ वर्षांचं धूड!”

बाबा समोर चहाचा कप घेऊन बसले होते. श्रवणयंत्रं नुकतीच चार्जरमधून काढून कानांत घातलेली. “काय म्हणतोय तो?”

“अपडेट करा म्हणतोय.”

“आं?”

“अपडेट!”

“ओरडू नकोस. हे असं असलं की ओरडलेलं ठणकतं आणि बोललेलं पोचत नाही. घर लाव.”

‘घर’ हे यंत्रांतल्या आवाजांच्या एका मांडणीचं नाव होतं. बाबांची चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर गेली. लोखंडाच्या किंचाळण्याने त्यांच्या कानांतले बारीक आवाज एकेक करून कातून टाकले होते. ट्रकचा आवाज ऐकू येई, बायकोचा येत नसे. सहा वर्षांपूर्वी दवाखान्यातल्या कानवाल्या बाईंनी यंत्रं बसवून दिली तेव्हा सगळे खूश झाले, आई सोडून. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होती. घरी येऊन तिने बाबांशी चार वाक्यं बोलून पाहिली आणि म्हणाली, “ही काय लाइन आहे? अशी लाइन मी कोणाला दिली नसती.”

यंत्रांबरोबर एक ॲप मिळालं होतं. लोक त्यात आवाज कमीजास्त करतात आणि सोडून देतात. आई मात्र हात धुऊन मागे लागली. ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसे, ओठ दिसू नयेत म्हणून वर्तमानपत्र तोंडासमोर धरी आणि आकडे वाची. बाबांनी ते परत म्हणायचे. चुकले की आईचं बोट पडद्यावरची एखादी पट्टी केसभर सरकवी, आणि पुन्हा आकडे. एकेका मांडणीला पंधरा पंधरा दिवस लागत. अशा अकरा झाल्या. ‘घर’, ‘बाजार’, ‘पंखा चालू’, ‘बँकेतली काच’, ‘पाहुणे चारच्या वर’, ‘थोरल्याचा फोन’. एक ‘मी चिडलेय’ नावाचीही होती. तिच्यात सगळेच आवाज खाली होते, आणि ती बाबांनी हट्टाने करून घेतलेली होती.

रात्रभर चार्जरमध्ये राहिलेली यंत्रं सकाळी आपल्या मूळ आवाजावर येत. मग आई चहा होईतो त्या दिवसाची पहिली मांडणी लावून देई. ती गेल्यावर हे काम धाकटीकडे आलं. कामाला निघण्याआधी ‘घर’ लावायचं, एवढंच. आणि तेवढंच आता होत नव्हतं.

ती ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराने टॅबलेट उलटासुलटा करून पाहिला, जसं कोणी जुनं नाणं पाहावं.

“मॅडम, हा तर म्हातारा झाला.”

“चालतोय अजून.”

“चालतोय हो, पण याच्या कंपनीने याचे अपडेट चार वर्षांपूर्वीच बंद केले. ॲपवाल्यांनी ॲप पुढे नेलं, हा मागेच राहिला.”

“मग तो स्वतःला अद्ययावत कसा म्हणवतो?”

“त्याच्यापुरतं बरोबर आहे ना. त्याला मिळण्यासारखं होतं ते सगळं मिळालंय.” दुकानदार हसला. “नवीन घ्या, एका दिवसात विसराल याला.”

ती टॅबलेट घेऊन बाहेर पडली. ‘विसराल’ या शब्दाचा राग धरण्यात अर्थ नव्हता. त्या माणसाने तो टॅबलेटबद्दलच वापरला होता.

घरी येऊन तिने थोरल्याला फोन लावला. थोरला भाऊ दूर राहायचा, आणि जितका दूर, तितका त्याला सगळ्यातलं कळायचं.

“अगं सोप्पंय. ॲप काढ आणि परत टाक.”

“दादा, नक्की?”

“आई काय सांगायची? लाइन बिघडली की?”

“तोडायची आणि परत जोडायची.”

“मग! कर की.”

त्या घरात हा नियमच होता. एक्स्चेंजमधून आईने तो घरी आणला होता आणि मग तो सगळ्याला लागू झाला. इस्त्री तापत नाही, प्लग काढून परत लाव. गणित सुटत नाही, वही मिटून परत उघड. बाबांशी वाजलं की ती पायात चपला घालून बाहेर जाई आणि दहा मिनिटांनी बेल वाजवून, पहिल्यांदाच आल्यासारखी, आत येई. या नियमाने या घरात कधी कोणाचं नुकसान झालं नव्हतं. त्यामुळे धाकटीचा हात अडखळला नाही. तिने ॲपवर बोट दाबून धरलं, ‘काढून टाका’ आलं, ‘नक्की?’ आलं, आणि तिने ‘हो’ म्हटलं.

मग ती परत जोडायला गेली. ‘हे ॲप तुमच्या उपकरणासाठी उपलब्ध नाही.’

तिने टॅबलेट बंद करून चालू केला. वायफाय काढून जोडलं. तारीख मागे नेऊन पाहिली. एका चर्चेत कोणीतरी लिहिलं होतं की जुन्या खात्यातून जुनी आवृत्ती कधीकधी मिळते. आईचा पासवर्ड चौथ्या प्रयत्नात सापडला, तो त्यांच्या पहिल्या टेलिफोनचा नंबर होता. तासाभराने जुनं ॲप खरंच उतरलं. तिने ते उघडलं. ‘स्वागत आहे! तुमची पहिली मांडणी तयार करा.’ ही ओळ वाचून होते न होते तोच वर पांढरी चौकट येऊन बसली. कृपया ॲप अपडेट करा.

दुपारभर ती यंत्रांच्या कंपनीच्या मदत-खिडकीत लिहीत बसली. पलीकडून आधी मशीन बोलत होतं. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपण ॲप अपडेट करून पाहिलं आहे का? तिने सगळं सविस्तर लिहिलं. आपण ॲप अपडेट करून पाहिलं आहे का? तिने ‘माणूस’ एवढाच शब्द सहा वेळा लिहिला, तेव्हा कुठे माणूस आला. त्याने मात्र नीट वाचलं.

‘मांडण्या आमच्याकडे जमा होत नाहीत, त्या टॅबलेटमध्येच असतात,’ त्याने लिहिलं. ‘पण काळजी करू नका. टॅबलेट आमच्याकडे पाठवा, बहुतेक वेळा आम्ही त्या बाहेर काढू शकतो. फक्त एक करा, ॲप काढून टाकू नका.’

धाकटीने ती ओळ पुन्हा वाचली. मग पलीकडून आलं, ‘आणखी काही मदत करू शकतो का?’ तिने ‘नाही, धन्यवाद’ लिहिलं. आलेल्या चौकटीत चार तारेही दिले. त्याची काय चूक.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, “झाला?”

तिने मान हलवली, हाताने थांबा अशी खूण केली. “दुरुस्तीला द्यावा लागेल,” ती मोठ्याने म्हणाली.

“दे की. तोवर ही काढून ठेवतो. उगाच भांड्यांची खणखण कोण ऐकणार.” त्यांनी यंत्रं डबीत ठेवून झाकण लावलं.

आणि घर बंद झालं. तिने नवा टॅबलेट आणला. त्यात नवं ॲप मुकाट्याने उतरलं, आणि मग त्याने यंत्रांकडे पाहून सांगितलं की ही यंत्रं फार जुनी आहेत, ती आता या ॲपला चालत नाहीत. म्हणजे जुन्या टॅबलेटला नवं ॲप नको, नव्या ॲपला जुनी यंत्रं नकोत, आणि बाबांना आईच्या मांडण्यांशिवाय यंत्रंच नकोत. धाकटीला आयुष्यात पहिल्यांदाच एखादी वस्तू भिंतीवर फेकून मारावीशी वाटली. तिने नवा टॅबलेट खोक्यात भरला आणि खोकं पलंगाखाली ढकललं.

बाबा मात्र निवांत होते, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. रोज ते एकदा विचारत, “दुकानदार काय म्हणतो?” आणि ती ओरडून काहीतरी सांगे. सुटा भाग यायचाय. माणूस रजेवर आहे. मग ते दुकानदाराला एखादी शिवी हासडत. कानवाल्या बाईंकडे जाऊ म्हटलं की ते हात झटकून टाकत. “त्यांचं केलेलं तुझ्या आईने पुसून परत केलं होतं. आता पुन्हा त्यांच्यापासून सुरू करायचं? टॅबलेट येऊ दे.”

खरं काय ते सांगायचं, तर तेही ओरडूनच सांगावं लागणार होतं. कानात काही न घातलेल्या माणसाला, दारंखिडक्या उघड्या असताना, शेजारपाजारचे ऐकतील अशा आवाजात सांगायचं की आईने सहा वर्षं बसून केलेलं मी एका बोटाने पुसलं. हे ओरडून कसं सांगणार? तिने कागदावर लिहून पाहिलं. कागदावर ते एखाद्या नोटिशीसारखं दिसलं. तिने फाडून टाकलं.

एका दुपारी ती किल्ली विसरून गेली आणि परत आल्यावर वीस मिनिटं बेल वाजवत राहिली. आत बाबा खुर्चीत जागे होते, दाराकडे पाठ करून. शेवटी शेजारणीच्या गॅलरीतून हात घालून खिडकीची काच ठोकली, सावली हलली, तेव्हा ते उठले. “केव्हा आलीस?” त्यांनी विचारलं. उद्या आत गॅस चालू राहिला, कोणी हाक मारली, तर?

दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. “टॅबलेटचं काम तिथूनच होणार आहे,” असं तिने सांगितलं. आणखी एक खोटं. यंत्रांची डबी तिच्या पर्समध्ये होती.

कानवाल्या बाई आता चष्मा लावायला लागल्या होत्या. त्यांनी यंत्रं साफ केली, बाबांच्या कानांत बसवली, त्यांना आपल्या संगणकाशी जोडलं. “काकू नाही आल्या? दरवेळी माझ्या चुका काढतात.”

धाकटीने मान हलवली. बाईंना कळलं. त्या खुर्ची जरा जवळ ओढून बसल्या. मग बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं.

“ताई, घरात सगळ्यात जास्त त्यांच्याशी कोण बोलतं?”

“आता मीच.”

“मग तुमच्याच आवाजावर लावू. त्यांच्या मागे उभ्या राहा. नेहमीच्या आवाजात बोला, वाढवू नका. काका, ऐकू येईल ते परत म्हणायचं.”

“काय बोलू?”

“काहीही. घरात बोलता तसं.”

तिच्यासमोर बाबांची पाठ होती. शर्टाची कॉलर आतल्या बाजूला दुमडलेली. अठरा दिवस ती ज्या आवाजाची वाट बघत होती, तो साधा, न ओरडलेला आवाज आता वापरायचा होता. हवापाण्याचं काहीतरी बोलता आलं असतं.

“बाबा, आईच्या मांडण्या गेल्या,” ती म्हणाली. “मी ॲप काढून टाकलं.”

बाईंचा हात माउसवर थांबला.

“बाबा,” बाबा शाळेत धडा म्हणावा तसे म्हणाले, “आईच्या... पुढचं नाही आलं. पुटपुटतेयस.”

बाईंनी धाकटीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. एक पट्टी थोडी वर गेली. “पुन्हा, ताई.”

“आईच्या मांडण्या गेल्या. मी काढून टाकलं.”

“आईच्या मांडण्या,” बाबा म्हणाले. “आणि मी काहीतरी. घेऊन? करून? मधलं सांडतंय.”

आणखी एक पट्टी. चूक एकदा कबूल करता येते. तीच तिसऱ्यांदा, स्वच्छ उच्चारात, सावकाश करणं फार वेगळं असतं.

“बाबा. आईने केलेल्या सगळ्या मांडण्या मी पुसल्या. चुकून. टॅबलेट दुरुस्तीला दिलेलाच नाही, तो माझ्या कपाटात आहे.”

या वेळी बाबांनी काही परत म्हटलं नाही. भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं मोठं चित्र लावलं होतं, त्याकडे ते बघत राहिले.

“काका?” बाईंनी विचारलं. “आलं?”

“आलं.”

“सगळं?”

“आलं म्हटलं ना.” त्यांनी खुर्ची वळवली नाही. “किती दिवस झाले?”

“अठरा.”

“अठरा दिवस मी त्या दुकानदाराला शिव्या घालतोय. त्या बिचाऱ्याने केलं काय?”

“काही नाही.”

“काढायला सांगितलं कोणी? थोरल्याने?”

“हो. पण काढलं मी.”

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. लेथ थांबवल्यावर ते असेच हात ठेवून बसत. दाराबाहेर कोणाची तरी ट्रॉली करकरत गेली आणि त्यांच्या खांद्यांना तो आवाज कळला.

“एकही राहिली नाही?” त्यांनी विचारलं.

“एकही नाही.”

आता बाईंचं लक्ष संगणकाकडे होतं, किंवा तसं त्या दाखवत होत्या. “काका, आणखी थोडं वर नेऊन बघू का? नाही तर खाली?”

“नको,” बाबा म्हणाले. आवाज चिडलेलाच होता. “हिचं सगळं नीट ऐकू आलंय. इथेच ठेवा.”