चिंचेनं उजळलेला पाव आणा

माझे सासरे, आप्पा, सासूबाईंना घेऊन नाशिकहून कतारला आले ते म्हणायला नातवाला भेटायला, खरं म्हणजे नाणं दाखवायला. दोहा विमानतळावर कैवल्यचा गालगुच्चा घेऊन झाला न झाला तोच त्यांनी विचारलं, नसरुद्दीन शुक्रवारी घरी असतात ना?

नसरुद्दीन हे दोह्यातले मूळचे हैदराबादचे नाणेसंग्राहक. आप्पांची त्यांच्याशी ओळख फक्त पत्रांतून. त्यांना दाखवायला आप्पांनी तांब्याचा एक पाव आणा आणला होता. त्यावरची ‘इंडिया’ ही इंग्रजी अक्षरं दुहेरी दिसत. टाकसाळीत ठसा घडवतानाच त्याच्यावर अक्षरं दोनदा उमटली असतील, तर असं नाणं दुर्मिळ. पण ठसा वापरून वापरून झिजला असेल, तर अक्षरं नुसती फुगून पसरतात आणि त्या नाण्याला कुणी विचारत नाही. आपलं नाणं पहिल्या जातीचं, असं आप्पा कित्येक वर्षं सांगत आले होते. नाशकात मात्र एकही जाणकार छातीठोकपणे हो म्हणाला नव्हता.

त्या साली, म्हणजे दोन हजार साली, लक्ष्मीपूजन गुरुवारी आलं. माझा नवरा श्याम ड्यूटीवर होता, मी दोह्यापासून लांब, दुखानच्या तेलवस्तीतल्या आमच्या क्वार्टरमध्ये रांगोळी काढत होते. पूजेची चांदीची नाणी नाशकातच राहिली होती. सासूबाईंनी आप्पांची बॅग उघडली, पाव आणा काढला, आणि असला काळा पैसा लक्ष्मीपुढे कसा ठेवायचा म्हणून चिंच-मीठ लावून खसाखसा घासला. बाहेर आल्या तेव्हा तळहातावर लख्ख गुलाबी नाणं होतं आणि चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा.

मी रांगोळी टाकून उठले. नाणी जमवणारा माणूस नाणं कधी घासत नाही. त्याच्यावर चढलेला तपकिरी रंग हेच त्याचं वय. तो गेला की जाणकार ते बाजूला सारतात. आठवडाभर चहाबरोबर मी आप्पांकडून हेच ऐकत होते. सासूबाईंनी ते संसारभर ऐकलं असणार, म्हणजे ऐकलं नसणार.

आमटीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस. आप्पांनी नाणं घेतलं, पाटावर बसले, भिंग लावलं आणि नाणं उजेडाकडे धरून फिरवत राहिले. त्यांच्या न ओरडण्यानंच सासूबाईंना कळलं. त्या त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

“अहो, मी तुमचं नाणं घालवलं का?”

“काही घालवलं नाहीस. मळ निघाला म्हणून नीट दिसलं. झिजलेल्या ठशाचंच आहे. उद्या दोह्याला जायला नको. खलास.”

इथल्या अरबांसारखं ऊठसूट खलास म्हणायला ते इथे येऊन शिकले होते.

सासूबाईंचा विश्वास बसेना. यांनी मला बरं वाटावं म्हणून थाप मारली, असं म्हणून त्या पूजेला उठेनात. शेवटी मला म्हणाल्या, “मालविका, तू बघ. तू खोटं बोलत नाहीस.”

आप्पांनी भिंग माझ्या हातात दिलं. कसं बघायचं तेही सांगितलं, रोजच्याच मास्तरी आवाजात: अक्षराच्या टोकाला खाच असेल तर ठसा दुहेरी, नुसती सपाट, पसरट कड असेल तर झिजलेला.

मी खिडकीशी उजेडात गेले. ‘एन’च्या पायाला स्वच्छ खाच होती. शेजारच्या ‘डी’लाही. चिंचेनं रंग नेला होता, खाच जागच्या जागी होती. हा तापट म्हातारा त्या क्षणी मला माझ्या वडिलांइतका आवडला.

“पसरलंय, आई,” मी म्हणाले. “नुसतंच पसरलंय.”

सासूबाईंनी मोठा सुस्कारा सोडला. एवढ्यासाठी माझं डोकं खाल्लंत होय इतकी वर्षं, असं आप्पांना सुनावून त्यांनी नाणं लक्ष्मीपुढे ठेवलं आणि लाह्या-बत्तासे आणायला स्वयंपाकघरात गेल्या.

आप्पा माझ्याजवळ सरकले.

“दिसली का?”

“दोन अक्षरांवर दिसली.”

“खरीच आहे ना गं? मला वाटायचं, मला हवी आहे म्हणूनच मला दिसते.”

“खरीच आहे, आप्पा.”

त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग सासूबाई लाह्या घेऊन आल्या, तेव्हा पूजेची घंटा जागेवर नाही म्हणून ते माझ्यावर ओरडले.