एकाच सुरात

माझ्या खोलीत शिकवणीच्या मुलांचा वाद रंगला होता. विज्ञानपटांतलं कुठलं यंत्र आपल्या घरी हवं? त्यांतल्या चिमणीला काळयंत्र हवं होतं, परीक्षा ओलांडून थेट सुट्टीत उतरायला.

"आणि निकाल?" मी विचारलं.

"तोही ओलांडायचा, सर!"

मुलांना माझा आवाज फार आवडतो. आजारात माझी स्वरपेटी काढली. आता छोट्या टॉर्चएवढं यंत्र गळ्याला टेकवतो, ते गुणगुणतं, मी ओठ हलवतो आणि शब्द उमटतात. राग असो की थट्टा, सूर एकच. मुलं मला 'रोबोटसर' म्हणतात.

तेवढ्यात पुतण्याचा निरोप आला. 'बाबांना ऑपरेशनला नेताहेत. मी औषधं आणायला खाली जातोय, फोन त्यांच्या हातात देतो. लगेच बोला.'

दादाची दृष्टी कधीच गेली होती, आता हृदयानं दगा दिला होता. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. माझ्या स्वरपेटीचं त्याच्यापासून लपवलं होतं. धाकट्याचा घसा बसलाय, एवढंच त्याला ठाऊक. आत जाण्याआधी त्यानं मला ऐकावं, बाकी काही नको होतं. मी स्पीकरवर फोन लावला.

"दादा, मी."

"मी कोण?"

"तुझा धाकटा."

"वा रे वा! आता मशीनंही नाती लावायला लागली. ओटीपी हवाय का?"

"दादा, माझंही ऑपरेशन झालं. यंत्रातून बोलतोय. काहीही विचार."

तो हसला. "बरं. लहानपणी आम्ही तो अंतराळयानाचा सिनेमा पाहिला. त्यातल्या स्वयंपाकी यंत्राला हात किती?"

"सहा. दोन पाठीमागे घडी घातलेले."

"चूक. चार."

"सहाच, दादा."

"बघ, पकडलं! माझा भाऊ असता तर एव्हाना अंगावर आला असता. हातांवरून आमची कायम जुंपायची. तू आपला थंड."

मी थंड नव्हतो. यंत्र गळ्यात रुतेल इतकं दाबून मी ओरडलो, "अरे गाढवा, मीच आहे!" ते स्टेशनवर गाडीची घोषणा व्हावी तसं बाहेर पडलं.

चिमणीनं फोन हिसकावला. "आजोबा, खरंच आमचे सर आहेत हो!"

"लेकरांचे आवाजही काढता येतात म्हणे," दादा म्हणाला.

मागे नर्सचा आवाज आला, "चला काका."

"बाई, जरा थांबाल? धाकट्याचा फोन यायचाय. तो केल्याशिवाय राहायचा नाही."

"मी बोलतोय, दादा."

"थांबता येत नाही हो, काका."

"मग हे तरी बंद करा. मघापासून डोकं खातंय."

फोन बंद झाला. मी पुन्हा लावला. पलीकडे घंटी वाजत राहिली.

"उचलतील, सर," चिमणी म्हणाली. रोज तिला काहीतरी समजावून सांगणारा मी यंत्र गळ्याला टेकवून घंटी मोजत बसलो.