खोगिराखालच्या चांदण्या

तबेल्यात सगळे तिला वहिनी म्हणत. पहिल्या दिवशी नणंद बरोबर आली होती आणि "वहिनी, जपून", "वहिनी, मागे सरा" असं इतक्या मोठ्यानं करत होती, की घोड्यांनासुद्धा ते नाव पाठ झालं असावं. पन्नाशी ओलांडलेली बाई घोडेस्वारी शिकायला निघाली म्हणजे थट्टा व्हायचीच. वहिनीही थट्टेत हसायची. जे येईल ते हसून घ्यायचं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

घोडी तिला नवऱ्यानं घेऊन दिली होती. सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना उठवणं, बसवणं, कुशीवर वळवणं, न्हाऊमाखू घालणं, सगळं वहिनीनं केलं, तोंडातून चकार शब्द न काढता केलं. सासूबाई गेल्या. एका संध्याकाळी नवरा तिच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, तू होतीस म्हणून निभावलं, आता तुला काय हवं ते माग. लहानपणापासून मनाच्या तळाशी दडवलेलं एक वेड तिच्या ओठांवर आलं. घोडा, ती म्हणाली. तो आधी पोट धरून हसला. मग खरंच घेऊन आला.

नातेवाइकांत ही गोष्ट फार गाजली. असा नवरा मिळायला पुण्य लागतं, असं ज्याला त्याला वाटलं, आणि वहिनीलाही मनापासून तसंच वाटत होतं. सकाळी देवासमोर हात जोडले की ती आधी नवऱ्याचं नाव घ्यायची, मग घोडीचं, मग अंगणापासून आभाळापर्यंत जे जे आठवेल त्याचं. त्या यादीत तिचं स्वतःचं गाऱ्हाणं कधी बसलंच नाही. जागाच उरायची नाही.

घोडी तपकिरी होती, कपाळावर पांढरा पट्टा होता. आधीच्या मालकाकडे तिला चिडकी म्हणत. पण इथे आल्यावर तबेल्यातलं एक जुनं, रंग उडालेलं खोगीर पाठीवर घेऊन ती गुणानं चालायला लागली, तेव्हा नाव उगाच पडलं असेल असं सगळ्यांना वाटलं.

शिकवणाऱ्या बाईंना सगळे कॅप्टन म्हणत. उंच, वाळक्या, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचेल असा. त्यांचं पहिलंच सांगणं वहिनीच्या काळजाला जाऊन भिडलं. घोड्याला आपलं बोलणं कळत नाही, त्या म्हणाल्या. लगाम ओढला, त्यानं मान नमवली, की त्या क्षणी हात सैल करायचा. तेच आपले आभार. उशीर केला तर ते भलत्याच गोष्टीचे आभार होतात. "एवढं ध्यानात ठेवा, वहिनी. ज्याला शाबास म्हणाल, तेच घोडा पुन्हा करणार. चांगलं का वाईट, हे त्याला ठाऊक नसतं."

वहिनी घरी येताना वाटभर तेच घोळवत राहिली. तिला वाटलं, देवही आपल्याशी असंच वागत असेल. आपण नमतो आणि तो दाब सोडतो. तिनं ते रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, वा, घोड्यावर बसून अध्यात्म. आणि आमटी वाढायला वाटी पुढे केली.

मग तिच्या वाढदिवसाला खोगीर आलं.

ते पाहायला शेजारपाजार गोळा झाला. गडद लाल चामडं, कडेनं नाजूक टाके, आणि वास तर नवीन पुस्तकाचा असतो तसा. नवऱ्यानं कारागिराकडून खास बनवून घेतलं होतं. वहिनीच्या जुन्या खुर्चीवरून माप दिलं होतं, कुणाला कळू न देता. वहिनी त्यावर बसली आणि तिला खरोखर कुणीतरी तळहातावर घेतल्यासारखं वाटलं. तिचे डोळे भरून आले. माप घोडीचंही घ्यावं लागतं, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. भेट म्हणून आलेली वस्तू. तिच्यात खोट कोण बघतो?

त्याच आठवड्यात घोडीनं कान मागे टाकायला सुरुवात केली. वहिनी खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळायला लागली की घोडी मान वळवून हवेतच दात आपटायची, शेपटी झाडायची. आली मूळपदावर, नणंद म्हणाली, चिडकी ती चिडकीच. वहिनीनं मात्र शिकलेलं सगळं पणाला लावलं. घोडी दात दाखवी तोवर ती लगाम घट्ट धरून ठेवी. घोडीनं कान पुढे घेतले, की तत्क्षणी हात सैल, खिशातलं गाजर पुढे आणि तोंडानं "शाबास गं, शहाणी ती". वेळ कधी चुकली नाही. कॅप्टननं शिकवल्याप्रमाणे अगदी नेमकं.

घोडी पटकन शिकली. बघता बघता ती खोगीर घालताना खांबासारखी उभी राहायला लागली, कान पुढे, डोळे वहिनीच्या खिशाकडे. कॅप्टन खूश झाल्या. माझ्या हाताखाली इतक्या लवकर एवढा शांत घोडा कुणी केला नाही, असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. घोडीचं नाव शहाणी पडलं. कॅप्टनही मग तंग तपासायला यायच्या थांबल्या. शांत घोड्याजवळ कशाला यायचं? ओरडणाऱ्याकडे आधी बघावं लागतं.

पुढे खरारा करताना वहिनीला घोडीच्या मानेच्या बुडाशी, खांद्यांवरच्या उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना, पांढरे केस दिसले. तपकिरी अंगावर दोन छोटे ठिपके, जणू कुणी चांदण्या चिकटवल्यात. तिला फार आवडले ते. देवानं केलेली खूण, असं तिला वाटलं. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, तुझ्याबरोबर घोडीचेही केस पिकायला लागले. ती हसली. रोज खरारा झाला की त्या चांदण्यांना ती ओठ टेकवायची आणि मग त्यांच्यावर खोगीर चढवायची.

एका सकाळी तिनं रिकिबीत पाय ठेवून वजन टाकलं आणि घोडीची पाठ तिच्याखाली खचली. गुडघे वाकले, सगळं अंग थरथरलं. वहिनी घाईनं उतरली. घोडी घामानं भिजली होती. आणि कान? कान पुढे होते. ती वहिनीच्या खिशाकडे बघत होती.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी चांदण्यांच्या जागी बोटं दाबली, तेव्हा कातडीखालून एक लाट शेपटीपर्यंत गेली, पण घोडी हलली नाही. खोगीर अरुंद आहे, त्यांनी सांगितलं. कित्येक महिने ते त्या दोन जागी रुततंय. केस पांढरे होतात ते त्यामुळेच, आत सगळं सडत चाललंय. जखम कदाचित भरेल. पाठीवर माणूस मात्र बहुतेक पुन्हा बसायचा नाही. मग हात धुताना ते म्हणाले, "इथे हात लावला तर घोडा माझा खांदा फोडतो एरवी. हिला असं उभं राहायला कुणी शिकवलं?"

कॅप्टननं मैदानाकडे तोंड फिरवलं. वहिनी खिशात हात घालून उभी होती. खिशात गाजर होतं.

घरी बैठक बसावी तशी सगळी बसली. नणंद मुद्दाम आली होती. तिला खरंच वाईट वाटलं होतं, पण तिचं वाईट वाटणंही बोलण्यातून बाहेर पडायचं. घोडीनं काहीतरी सांगायला नको होतं का, ती म्हणाली. जीभ नाही, पण लाथ तर दिलीय देवानं. नवऱ्याला खोगिराचं लागलं होतं. इतक्या हौसेनं बनवून घेतलं, कारागिराकडे कितीदा खेटे घातले, आणि आता त्यालाच नावं ठेवणार सगळे. वहिनीनं त्याची समजूत घातली. खोगीर सुंदरच आहे, ती म्हणाली. घोडी कशी आहे, हे विचारायचं राहूनच गेलं त्याच्याकडून.

मग त्यानं विषय काढला. जी घोडी बसू देत नाही ती ठेवून काय करायचं? एक व्यापारी त्याच्या माहितीतला होता, रविवारी येऊन घेऊन जाणार होता. कुठे नेईल, असं वहिनीनं विचारलं, तर तो म्हणाला, ते लोक बघतात काहीतरी. काय बघतात ते वहिनीला ठाऊक होतं. कॅप्टननं तिला सांगितलं होतं. अशा घोड्यांचा पत्ता नंतर कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

तिचा चेहरा उतरलेला बघून नवऱ्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला समजावून सांगावं लागत नाही," तो म्हणाला. "तू समजूतदार आहेस. म्हणून तर आपलं घर चाललं."

त्याचा आवाज मऊ होता. तो खोटं बोलत नव्हता, आणि तेच वाईट होतं. वहिनीच्या तोंडात "बरं" हा शब्द आपोआप तयार झाला, जिभेवर आला. तो गिळताना तिला कळलं, की हा हात तिला ओळखीचा आहे. ती गप्प झाली की तो खांद्यावर यायचा. नेमका तेव्हाच यायचा.

बघू, एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून ती घोडीला उलटं शिकवायला लागली. कॅप्टन सोबतीला होत्या. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, पण रोज हजर राहिल्या. मलम लावताना गाजर बंद. कातडी नुसती थरथरली तरी हात काढायचा. कान जरासा कलला, हात काढायचा. आधी काहीच होईना. घोडी खांबासारखी उभी, आणि वहिनीला तिच्या त्या शहाणपणाकडे बघवेना. मग एकदा कान हलला. वहिनीनं चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. घोडी वळून तिच्याकडे बघत राहिली, जणू ओळखच नाही. पुढे शेपटी झाडली गेली. पुढे पाय आपटला गेला. जखम कोरडी होत होती आणि घोडी दिवसेंदिवस बिघडत होती, असं कुणी बाहेरचा म्हणाला असता.

शनिवारी वहिनीचं लक्ष नव्हतं. उद्याचा व्यापारी डोक्यात होता. कान मागे गेलेले तिनं पाहिले नाहीत, बोटं तशीच दाबत राहिली, आणि घोडीनं मान वळवून तिचा हात कोपराखाली कडकडून चावला.

कॅप्टन धावत आल्या. वहिनी भिंतीला टेकून उभी होती, हात छातीशी धरून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती घोडीला म्हणत होती, "शाबास. शाबास गं माझी बाई." पुढे मात्र ती गेली नाही. दूर उभी राहून तिनं घोडीला तिची जागा दिली. घोडीनं फुरफुर केलं, डोकं खाली सोडलं आणि रिकामंच तोंड चघळत उभी राहिली.

घरी नवऱ्यानं हातावरचा काळानिळा वळ पाहिला आणि काय झालं विचारलं. या प्रश्नाला त्या घरात एकच उत्तर होतं. काही नाही. तो ते ऐकायच्या तयारीतच वर्तमानपत्राकडे वळला होता.

"घोडी चावली," ती म्हणाली. "दुखतंय."

बघ, तो म्हणाला, बरं झालं उद्या जातेय.

"ती जाणार नाही. त्या माणसाला येऊ नको म्हणून कळवा." तिचा आवाज चढला नव्हता. "आणि माझी पाठ दुखते. आईंना उचलायला लागले तेव्हापासून दुखतेय. सकाळी उठताना पलंगाची कड धरावी लागते मला."

त्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. चालत्या माणसाला पायरी सापडू नये तसा तो दिसत होता.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलले होते. एकदा. तुम्ही आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हता."

त्याला ते आठवत नव्हतं. तो खरंच आठवायचा प्रयत्न करत होता, हे तिला दिसलं, आणि त्याला काही आठवणार नाही हेही दिसलं. तो म्हणाला, "तू अशी नव्हतीस." मग उठून आतल्या खोलीत गेला. फोनवर बोलल्याचा आवाज आला, उद्या नको, नंतर कळवतो, असं काहीसं. फोन झाला तरी तो बाहेर आला नाही. तिच्या खांद्यावर कुणाचा हात आला नाही.

वहिनी सवयीनं देवासमोर जाऊन उभी राहिली. रोजच्यासारखे हात जोडायला गेली, तर चावलेला हात वर उचलेना. तिनं दुसराच तेवढा छातीशी धरला. आभाराचे शब्द ओठांवर आले आणि तिथेच थांबले. कशाकशाचे आपण आजवर आभार मानत आलो, हे तिला एकेक करून आठवत होतं. तिला एकच विचारायचं होतं. एवढी वर्षं ती रोज इथे कान पुढे करून उभी राहत होती. मग देवाला तरी दिसायला नको होतं का?

आतल्या खोलीत दिवा मालवल्याचा आवाज झाला. वहिनीनं पाठीला हात लावून पाहिला, जिथे दुखायचं तिथे. दाबला. आणि दुखलं तसं, हलक्यानं का होईना, ती कण्हली.