एक किलोमीटर धावलेला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. हे वाक्य रुपरावांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी मला तिथल्या तिथे झापलं असतं. "जुना? कोन जुना? कोरा करकरीत आहे तो!" आठ वर्षं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगत आले. आणि खोटं कशाला बोलू, आठ वर्षं मीही ते ऐकून खूश होत आलो. स्वतःची स्तुती कुणाला कडू लागते?

माझा जन्म कारखान्यातला. रबराच्या झाडाचा चीक, काळीकुट्ट काजळी आणि केसासारख्या पोलादी तारा एकत्र आल्या, तापलेल्या साच्यात दाबल्या गेल्या आणि मी बाहेर पडलो. अंगावर रबराचे बारीक बारीक केस होते. कुशीवर माझं माप छापलं होतं, आणि एका लांबट चौकटीत चार आकडे होते: ३२१७. त्यांचा अर्थ मला कुणी सांगितला नाही. मला वाटलं, शाळेत मुलांना हजेरी क्रमांक असतो तसंच काहीतरी असेल.

तिथून मी माझ्या चार भावांबरोबर कन्हानला प्रेमानंदच्या टायरच्या दुकानात आलो. रुपरावांनी तेव्हा नुकतीच एक उंच, दणकट गाडी घेतली होती. गाडी दुसऱ्याची वापरलेली होती, पण टायर मात्र पाचही नवे बसवायचे, असा त्यांचा हट्ट होता. रुपराव कोळशाच्या खाणीत हजेरीबाबू होते. माणूस सरळ, शिस्तीचा, आणि वस्तू जपण्यात तर कुणी हात धरणार नाही असा. त्यांच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी कव्हरमध्ये आणि कव्हर कपाटात असायचं. बटण दाबायची वेळ येईपर्यंत मालिका संपलेली असायची.

प्रेमानंदनं त्यांना एक वॉरंटी कार्ड दिलं आणि बजावलं, "रुपरावभाऊ, दर दहा हजार किलोमीटरले या. पाचही टायर आळीपाळीनं बदलून लावू, हवा पाहू, आन् मी या कार्डावर शिक्का मारून देईन. स्टेपनीलेही रस्ता दाखवत जा."

"स्टेपनी राहू दे गा," रुपराव म्हणाले. "ते अडीअडचणीसाठी आहे. तिले हात नाही लावायचा."

ती स्टेपनी म्हणजे मी. गाडीच्या मागच्या दारावर मला बसवलं गेलं आणि माझं नशीब तिथेच ठरलं.

त्याच संध्याकाळी रुपरावांनी दोन कामं केली. वॉरंटी कार्ड चौकातल्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणलं, आणि जयवंताबाईंकडून माझ्यासाठी काळ्या रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. हवा भरायला म्हणून त्या कव्हरला त्यांनी एक भोक ठेवलं होतं. त्या भोकातून हवा कधी आली नाही, पण जग मात्र दिसायचं. तेही उलटं! गाडी पुढे जायची आणि मला फक्त मागे पडणारा रस्ता दिसायचा. रामटेक गेलं की कळायचं की रामटेक आलं होतं.

त्यांची मुलगी अपेक्षा तेव्हा चौदा वर्षांची होती. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या अंगावरचा एक केस उपटला आणि बापाचा ओरडा खाल्ला. "काहून वं? तुले दुसरा धंदा नाही काय? नवीन टायर आहे तो!" अपेक्षानं तो केस गुपचूप मुठीत लपवला. मला ती तेव्हापासूनच आवडते.

दसऱ्याला गाडीची पूजा व्हायची. चार भावांच्या खाली लिंबं ठेवली जायची, गाडी हलली की ती फटाफट फुटायची आणि सगळे हसायचे. मला नुसतं हळदीकुंकू आणि झेंडूचा हार. सोवळ्यातला टायर मी, मला लिंबू कोण देणार!

माझे भाऊ मात्र खरं आयुष्य जगले. सिमेंटच्या रस्त्यावर ते तापले, खाणीच्या वाटेवर खडीनं ओरखडले, पावसाळ्यात चिखलात रुतले. एकाच्या कुशीवर वर्षाच्या आतच लिंबाएवढा फुगा आला. रुपराव कार्ड घेऊन प्रेमानंदकडे धावले. कंपनीचा माणूस आला, त्यानं फुग्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "हा बनवतानाचा दोष आहे." जितका झिजला होता तितकेच पैसे घेऊन त्यांनी नवा टायर दिला. रुपरावांनी कार्डाला हात जोडले. पुढच्या वर्षी दुसऱ्या भावाला खड्ड्याच्या धारेनं चिरलं. रुपराव पुन्हा कार्ड घेऊन गेले. तेव्हा प्रेमानंद म्हणाला, "भाऊ, कारखान्याची चूक कंपनी भरून देते. खड्ड्याची नाही देत जी."

प्रेमानंदनं त्या वेळी कार्डाच्या मागच्या बाजूला शिक्का मारायचाही प्रयत्न केला. शाई प्लास्टिकवरून ओघळली. रुपरावांनी लगेच रुमाल काढून ती पुसली आणि कार्ड उजेडात धरून अभिमानानं म्हणाले, "पाह्य, एक डाग नाही!" प्रेमानंदनं कपाळाला हात लावला. पुढे रुपरावांनी टायरची अदलाबदल करायला जाणंच सोडून दिलं. शिक्का बसत नाही, मग जायचं कशाला?

एकदा मनसरच्या अलीकडे भर दुपारी गाडी पंक्चर झाली. मला वाटलं, आला! आला आपला दिवस! रुपरावांनी काय करावं? कडुनिंबाखाली गाडी उभी करून पंक्चरवाल्याला फोन लावला आणि दोन तास वाट पाहिली. जयवंताबाई घामानं निथळत होत्या. शेवटी त्यांचा संयम सुटला. "अवो, ते मागं लटकवलेलं काय तोरण आहे?"

"नवीन आहे तो," रुपराव म्हणाले. "खराब होईन."

सहा वर्षांत, साठ हजार किलोमीटरनंतर, चारही चाकांवरचे टायर गुळगुळीत होऊन निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवे चार आले. मला कुणी हलवलं नाही. नव्यांना मी रुबाबानं सांगायचो, "अरे, मी तुमच्याहून नवा. माझ्या अंगावरचे केस बघा." ते बिचारे ऐकून घ्यायचे.

पण मित्रांनो, गेल्या वर्षीच्या नवतपात, उन्हाळ्यातल्या त्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, माझा माज उतरला. पत्र्याच्या शेडखाली गाडी उभी होती, वारा बंद होता, आणि माझ्या अंगात कुठेतरी बारीकसं 'चर्र' झालं. मी दचकलो. नक्षीच्या खोबणीत एक भेग पडली होती. मग दुसरी पडली. मी एक पाऊल चाललो नव्हतो आणि तरीही मी तडकत होतो. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं, हे मला तेव्हा कळलं. लाज वाटली. कव्हर होतंच, कुणाला दिसणार?

यंदाच्या मे महिन्यात घरात आनंदाची बातमी आली. विमानतळाजवळच्या मिहान वसाहतीत विमानं दुरुस्त करतात तिथे अपेक्षाचं प्रशिक्षण संपलं आणि ती नोकरीत कायम झाली. पाळी सकाळची होती आणि कंपनीची बस कन्हानपर्यंत येत नव्हती. तेव्हा ठरलं की अपेक्षा गाडी घेऊन रोज बाहेरच्या रिंग रोडनं जाईल. गाडीचा पुढचा डावा टायर एका बाजूनं झिजला होता. प्रेमानंद म्हणाला होता की तो बदलावाच लागेल.

रुपराव मागे आले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझं कव्हर पूर्ण उतरवलं. माझ्यावरून प्रेमानं हात फिरवत ते म्हणाले, "याच दिवसासाठी ठेवला होता. माह्या पोरीले कोरा टायर!"

माझा आनंद गगनात मावेना. पुढचं चाक! येणारा रस्ता समोरून दिसणार! तेवढ्यात अपेक्षा अंगणात आली, किल्ली बोटाभोवती फिरवत, गाणं गुणगुणत. आणि मला माझ्या भेगा आठवल्या. ही पोर माझ्या भरवशावर ऐंशीच्या वेगानं तापलेल्या सिमेंटवरून जाणार. मी मध्येच फाटलो तर? आठ वर्षं मी एकच मागणं मागत होतो की मला घ्या, मला घ्या. त्या दुपारी मी पहिल्यांदा उलटं मागितलं. देवा, त्यांनी मला नाकारावं.

आम्ही प्रेमानंदच्या दुकानात पोचलो. मला खाली उतरवून भिंतीला टेकवलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण टायरला तोंड कुठे असतं? प्रेमानंद जॅक लावायला वाकला तशी अपेक्षा माझ्यासमोर उकिडवी बसली. तिनं ओल्या फडक्यानं माझी कूस पुसली आणि त्या लांबट चौकटीवर बोट ठेवलं.

"बाबा, हा टायर सतरा सालचा आहे."

"घेतला सतरा साली. वापरला कुठं?"

"वापराचं नाही म्हणून राहिली मी. हे पाहा, बत्तीस आन् सतरा. सतरा सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनला. आमच्या इथं रबराची साधी चकती असली तरी पहिले तारीख पाहतात. डब्यातून काढली नसली तरी मुदत संपली का फेकतात." असं म्हणत तिनं दोन्ही अंगठ्यांनी माझी खोबणी दाबली. माझ्या सगळ्या भेगा उघड्या पडल्या. दुखलं नाही. उलट हायसं वाटलं.

रुपराव वाकून पाहत राहिले. मग त्यांना एकदम आठवण झाली. "पण वॉरंटी आहे ना आपल्याजवळ!" त्यांनी पिशवीतून कार्ड काढलं. आठ वर्षांनंतरही ते काल छापल्यासारखं दिसत होतं.

प्रेमानंदनं ते हातात घेतलं, चमक टाळायला तिरकं केलं, आणखी तिरकं केलं. "भाऊ, तुम्ही हे कधी वाचलं काय?"

"वाचाले गेलो का ट्यूबलाइटच दिसते त्याच्यात," रुपराव म्हणाले.

"मंग मीच वाचतो. बनवल्यापासून पाच वर्षं. ते झाले तीन वर्षांपहिले. आन् मागं शिक्क्याचे सहा खाने आहेत, सहाही कोरे. कार्डानं एक डाव तुम्हाले मदत केली, कारण तेव्हा चूक कारखान्याची होती. वयाची वॉरंटी कोणी देत नाही जी. टायरच्या बी नाही आन् आपल्या बी नाही."

रुपराव दुकानातल्या बाकावर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. मला फार वाईट वाटलं. आठ वर्षं या माणसानं मला धूळ लागू दिली नाही आणि मी त्यांच्या कामी आलो नाही.

"आज मी हाच लावून देणार होतो तुले," ते हळूच म्हणाले. "चांगला म्हणून. इतकी वर्षं मी जपून तरी काय राहिलो होतो?"

अपेक्षा त्यांच्याजवळ बसली. "मलेच जपून राहिले होते, बाबा. हे काय मले समजत नाही? फक्त आता जरा वापरून जपा."

रुपरावांनी नाक ओढलं, रुमालानं डोळे पुसले आणि प्रेमानंदला म्हणाले, "दोन नवे काढ. एक पुढं, एक मागं दारावर. आन् पाचही फिरवत राहू. नव्या कार्डावर शिक्का मार, चांगला दाबून मार. लॅमिनेशनवाल्याकडे मी नाही जात आता."

मला लोखंडी रिंगवरून सोडवलं गेलं. प्रेमानंद म्हणाला, "हा ठेवून द्या इथंच, भंगारात जाईन."

"नाही गा," रुपराव उठले. "हा घरी येईन." अपेक्षा मला गाडीत टाकायला वाकली, पण त्यांनी तिला थांबवलं. दुकानाबाहेर बांबूची एक काडी पडली होती, ती उचलली. धोतर खोचावं तसे पँटचे पाय दुमडून वर घेतले. "तू गाडी घेऊन ये मागून. मी याले रस्ता दाखवतो."

आणि मित्रांनो, त्यांनी मला उभं केलं, काडीनं एक टोला दिला आणि मी पळालो! संध्याकाळची वेळ होती, रस्ता अजून गरम होता. आभाळ, रस्ता, आभाळ, रस्ता! पानठेल्यावरची माणसं उभी राहिली. "रुपरावबाबू, काय झालं जी?" कुणीतरी ओरडलं. रुपरावांना उत्तर द्यायला दम नव्हता. ते हसत होते, धापा टाकत होते, मी कलंडायला लागलो की काडीनं सावरत होते. लहानपणी असंच पळवलेलं दिसत होतं, हात काही विसरला नव्हता. मागे अपेक्षा हॉर्न वाजवत येत होती. समोरून घर येताना मला दिसलं. पहिल्यांदाच येताना दिसलं. दारात जयवंताबाई उभ्या होत्या, तोंडाला पदर लावून. "अवो, लोक पाहून राहिले ना!" आणि मग त्याही हसत सुटल्या.

आता मी अंगणात भिंतीला टेकून असतो. मुलांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर एक काम कराच. तिच्या टायरच्या कुशीवरच्या लांबट चौकटीतले चार आकडे वाचा, स्टेपनीचे सगळ्यात आधी वाचा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही नवी दिसो, जाणत्याला दाखवा. वॉरंटीचं कार्ड मिळालं की त्याच दिवशी बारीक अक्षर वाचा. आणि आवडती वस्तू कपाटात म्हातारी होऊ देऊ नका. माझं ऐका, मला अनुभव आहे.

त्या संध्याकाळी अपेक्षानं खडू आणला आणि माझ्या चार आकड्यांच्या खाली लिहिलं, 'एकूण धाव: १ किलोमीटर.' आभाळात ढग जमत होते. पावसानं पुसून जाईल म्हणून रुपराव सवयीनं घरात गेले आणि पारदर्शक चिकटपट्टी घेऊन आले. माझ्यासमोर वाकले. पट्टीचं टोक नखानं सोडवलं. मग थांबले आणि पट्टी खिशात टाकली.

"राहू दे वं," ते अपेक्षाला म्हणाले. "पुसलं का पुन्हा पळवू."