माझा गिअर कधीच आपोआप पडला नाही

मी एक जुनी फोर-बाय-फोर गाडी आहे. मित्रांनो, नवी होते तेव्हा माझा रंग दुधासारखा पांढरा होता. आता मी नामिबियाच्या दक्षिणेला एका शेळ्यांच्या गोठ्यापाशी उभी असते आणि माझ्या टपावर कोंबड्या बसतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की रेहोबोथ गावात अजूनही माझं नाव निघालं की लोक म्हणतात, "तीच ना, बाईला हत्तीपुढे टाकून पळालेली?" त्या दिवशी काय झालं ते मी सांगते.

मला विकत घेतलं ते याकोबस नावाच्या एका म्हाताऱ्या मेंढपाळाने. त्याचं शेत रेहोबोथच्या बाहेर होतं. त्याची मोठी मुलगी साना. लग्न केलं नाही, बापाजवळच राहिली. तिने मला शेतातल्या वाटांवर चालवायला शिकून घेतलं. खडकाळ ओढा आला की ती माझ्याशी बोलायची, "हळू बाई, हळू, आपल्याला कुठे घाई आहे?" दर शनिवारी ती मला ओल्या फडक्याने पुसायची आणि माझे आरसे वर्तमानपत्राच्या बोळ्याने लख्ख करायची. ते माझे चांगले दिवस होते.

मरताना म्हाताऱ्याने चारचौघांसमोर सांगितलं, "घर हेरमानसचं, गाडी सानाची." हेरमानस म्हणजे सानाचा धाकटा भाऊ. बापाला पुरून आल्यावर त्याने खुंटीवरची माझी किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

साना म्हणाली, "बाबांनी ती मला दिली होती."

"तुला जायचंय कुठे, सानाबाई?" तो म्हणाला. "तुझ्या पायांखाली स्वयंपाकघर आहे ना? बास की."

त्या दिवसापासून साना भावाच्या संसारात राहून सगळ्यांचं रांधू लागली आणि मी हेरमानसची झाले.

मग ऑगस्टची सुट्टी लागली. हेरमानसच्या कचेरीतला एक जण उत्तरेकडच्या एतोशा अभयारण्यात जाऊन सिंहाचे फोटो काढून आला होता, ते याच्या डोक्यात बसलं होतं. त्याने माझ्या टपावर तंबू चढवला, मागे पाण्याचे डबे बांधले आणि सगळ्यांना घेऊन उत्तरेला निघाला. पुढे तो आणि त्याची बायको वेरोना. मागे त्यांची मुलगी एल्मारी आणि साना. दोघींच्या मध्ये बर्फाची मोठी पेटी होती. पेटीला पुरेशी जागा मिळाली होती, सानाला नाही. ती दाराला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

मित्रांनो, त्या रानाची मी किती स्तुती करू? उन्हाने तापलेलं मिठाचं मैदान आभाळाला जाऊन भिडत होतं. पाणवठ्यावर झेब्रे एकमेकांच्या पाठीवर माना टाकून उभे होते. पांढऱ्या धुळीत लोळून हत्तीही पांढरे झाले होते. एल्मारी काचेला नाक लावून ओरडत होती, "आत्या, ते बघ! आत्या, पिल्लू बघ!" साना बघायची आणि तिला सुकवलेल्या मांसाचा तुकडा हातात द्यायची. तेवढ्यापुरत्या त्या दोघी सुखात होत्या.

हेरमानसला मात्र झेब्रे नको होते, हत्तीही नको होते. त्याला सिंह हवा होता. सिंह दिसेना, तसा तो चिडला, आणि चिडला की त्याला साना लागायची.

"हिला एखाद्या झुडपापाशी बांधून ठेवू या," तो म्हणाला. "वासाने तरी येतील."

वेरोना हसली. "हाडं बघून परत जातील हो."

"मग तरस येतील. तरसांना हाडंच लागतात. काय गं एल्मारी, आत्याला तरस नेईल का?"

एल्मारी खुदकन हसली. मग तिने आत्याकडे पाहिलं. साना खिडकीबाहेर बघत होती. मुक्कामाला पोहोचल्यावर तिनेच जाळ पेटवला, मांस भाजलं, मक्याची घट्ट लापशी ढवळली आणि सगळ्यांची ताटं झाल्यावर भांड्याला लागलेली खरवड खाल्ली. मी शेजारीच उभी होते. सगळे तंबूत गेल्यावर ती आली आणि माझ्या काचेवरची धूळ कमरेला खोचलेल्या फडक्याने पुसत बसली. कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही मोपानीच्या झाडीतून जाणाऱ्या खडीच्या वाटेवर होतो. मागे बांधलेला पाण्याचा एक डबा सैल होऊन माझ्या पत्र्यावर आपटू लागला. हेरमानसने ब्रेक दाबला.

"साना, उतर. डबा बांध."

"इथे उतरायची मनाई आहे," साना म्हणाली. "फाटकावर लिहिलंय. पुढे कुंपणाची जागा येईल, तिथे बांधू."

"तोवर या ढोलाने सगळं रान पळवून लावू? उतर म्हणतो ना! तुला खाऊन सिंहाला दात पाडून घ्यायचेत का?"

वेरोना फोनमधून मान वर न करता म्हणाली, "ताई, पटकन बांधून या ना. कशाला वाद घालता?"

साना उतरली. माझं इंजिन चालूच होतं. ती मागे गेली आणि दोरी मनगटाला एक वेढा देऊन ओढू लागली. शेतावर चाऱ्याचे भारे ती तशीच आवळायची.

तेव्हा झाडीतून हत्ती बाहेर आला. एकटा, थोराड, मदमस्त झालेला. त्याच्या कानशिलांवरून काळे ओघळ वाहत होते. त्याने कान पसरले आणि मान झटकली. माझ्या आरशात हेरमानसला तो दिसला. सानाही दिसली, कारण आरसा तिनेच सकाळी पुसला होता.

"बाबा, आत्या बाहेर आहे!" एल्मारी किंचाळली आणि तिने आपल्या बाजूचं दार उघडलं.

"दार लाव!" हेरमानस ओरडला. "लाव ते दार!"

वेरोनाने मागे वळून ते दार ओढून घेतलं. हेरमानसने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला आणि पाय दाबला. मित्रांनो, माझा गिअर घट्ट होता, हाताचा सगळा जोर लावल्याशिवाय पडायचा नाही. तो आपोआप पडला नाही. त्याने टाकला. आणि गाडी पायाला नाही म्हणू शकत नाही.

मी झटका देऊन सुटले. सानाच्या मनगटाचा वेढा आवळला गेला. ती माझ्यामागे खडीवरून फरफटत आली. मग दोरी तिच्या हाताचं कातडं सोलून सुटली आणि ती तोंडावर पडली. पुढे वळण होतं. हेरमानसने वळण घेतलं, त्यानंतर दुसरंही घेतलं, आणि चांगलं लांब आल्यावर थांबला.

आत एल्मारी रडत होती. मग वेरोना म्हणाली, "मागे फिरवा."

"हत्ती अजून तिथेच असेल."

"फिरवा म्हणते!"

"आणि पोरीला काही झालं तर? जरा विचार करू दे मला." त्याने पाण्याची बाटली उघडली, प्यायला, तोंड पुसलं. विचार झाल्यावर तो मागे वळला आणि मुलीचा हात धरून म्हणाला, "नीट ऐक. गिअर आपोआप पडला. गाडी आपली आपण सुटली. मला थांबवता आली नाही. काय झालं?"

एल्मारी हुंदके देत राहिली.

"काय झालं, विचारतोय मी!"

"गिअर... आपोआप पडला."

"शाब्बास."

साना मेली नाही. ती तशीच निपचित पडून राहिली आणि हत्ती तिच्याजवळ येऊन, धूळ उडवून निघून गेला. ओवाम्बो जमातीच्या नवरा-बायकोची एक छोटी गाडी मागून येत होती. त्यांनी तिला उचललं, बाईने आपली ओढणी फाडून तिचा हात बांधला आणि ते तिला आमच्यापर्यंत घेऊन आले.

हेरमानस धावत पुढे गेला. "देवानेच वाचवलं गं बाई तुला! ही भिकारडी गाडी! गिअर आपोआप पडला!" असं म्हणत त्याने माझ्या दाराला लाथ घातली. तो पोचा अजून आहे.

सानाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने भाचीला विचारलं, "असं झालं का गं?"

एल्मारीने बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "हो आत्या. गाडी आपोआप सुटली."

"बरं," साना म्हणाली, आणि पेटीशेजारी जाऊन बसली.

गावात परतल्यावर हेरमानसने ती गोष्ट दारोदार सांगितली. लोक मला शिव्या देऊ लागले. चर्चमधून सुटलेली मुलं माझ्यावर दगड मारत, "हत्तीची गाडी" म्हणून ओरडत. मला काटेरी झाडाखाली उभं केलं गेलं. सानाच्या उजव्या हाताची बोटं नीट मिटेनात. एका हाताने कणीक मळताना ती सांडायची, तेव्हा वेरोना म्हणायची, "ताई, दोन हातांचं काम आहे हो ते." शनिवारी मला पुसायला कोणी आलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात पेट्रुस नावाचा एक शेळ्यांचा मालक दक्षिणेकडून मला बघायला आला. हेरमानसने माझं बॉनेट उघडलं. साना चहा घेऊन आली, तिच्यामागे एल्मारी पावाचं ताट घेऊन.

पेट्रुस म्हणाला, "माझी लहान नातवंडं असतात गाडीत. हिचा गिअर आपोआप पडतो असं ऐकलं. मग मला नको."

"कोण म्हणतं?" हेरमानस हसला. "गावगप्पा! लोखंडासारखा गिअर आहे. आजवर एकदाही आपोआप पडलेला नाही. माझ्या पोरीची शपथ घेऊन सांगतो."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. एल्मारीच्या हातातलं ताट कलंडलं आणि पाव मातीत पडले.

सानाने चहा बॉनेटवर ठेवला. "घ्या गाडी, पेट्रुस. खरं बोलतोय तो. गिअर कधीच आपोआप पडला नाही." मग तिने शांतपणे विचारलं, "तुमच्या वाटेवर मरिएन्ताल लागतं ना? तिथे माझी मावसबहीण राहते. मला सोडाल?"

"सोडतो की, बाई."

ती आत गेली आणि एक पिशवी घेऊन आली. हेरमानस म्हणाला, "नाटकं पुरे झाली, साने! रात्रीचं जेवण कोण करणार?" ती पुढच्या सीटवर बसली. तिथे ती बऱ्याच वर्षांनी बसत होती.

आम्ही निघालो तशी एल्मारी माझ्यामागे धावत सुटली. "आत्या, मी खोटं बोलले! आत्या, थांब ना! मला बाबांनी सांगितलं होतं!" तिचा एक जोडा निघाला, तरी ती धावत होती.

पेट्रुसने पाय सैल केला. "पोर रडतेय हो. थांबवू का?"

सानाने मागे वळून पाहिलं नाही. "नको," ती म्हणाली. "तिचे बाबा आहेत तिच्याजवळ."

मित्रांनो, साना मरिएन्तालला उतरली, तेव्हापासून मला दिसलेली नाही. मला पुसा, तेल घाला, सावलीत उभी करा, असं मी तुमच्याकडे मागत नाही. मी पत्र्याची आहे, उन्हात टिकेन. पण ज्या माणसाला तुम्ही तुमच्या कामासाठी खाली उतरवलंत, ते परत आत येऊन बसल्याशिवाय गाडी हलवू नका. एल्मारीने तिचा निघालेला जोडा उचलला की नाही, ते मला माहीत नाही. वळण आलं आणि पेट्रुसने गिअर बदलला.